घरभाडं दिल्यावर उरतं किती?

कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा काउंटीत २०२३ साली चौघांच्या कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न १,३७,१०० डॉलरपर्यंत असेल, तर सरकारी गृहयोजनांच्या नियमांप्रमाणे ते कुटुंब ‘अल्प उत्पन्न’ गटात मोडत होतं. त्या वेळच्या दराने ही रक्कम एक कोटी रुपयांहून जास्त भरते. त्यामुळे हा आकडा ऐकणारा प्रत्येक जण विचारतो, की कोटीभर रुपये मिळवणारं घर गरीब कसं?

दुसरा प्रश्न याच्या उलट दिशेने येतो. याच काउंटीत दारिद्र्यरेषेखाली फक्त सात टक्क्यांच्या आसपास लोक असल्याचं अधिकृत आकडेवारी सांगते. मग इथे आणि शेजारच्या सॅन मटेओ काउंटीत मिळून दर महिन्याला सुमारे पाच लाख माणसं एका अन्नपेढीकडून मोफत धान्य, भाजी, दूध का घेतात?

हे सगळे आकडे खरे आहेत, पण ते वेगवेगळ्या गोष्टी मोजतात. कोणता आकडा काय मोजतो आणि काय सोडून देतो, हे एकदा कळलं की शहरातली गरिबी दिसू लागते. त्यासाठी आपण काम, उत्पन्न, दारिद्र्यरेषा आणि खर्च अशा पायऱ्या एकेक करून चढू.

१. ही काउंटी कोणती?

अमेरिकेत राज्य आणि शहर यांच्या मधली कारभाराची पातळी म्हणजे काउंटी. तिची हद्द आपल्या जिल्ह्यासारखी असते, पण कारभार लोकांनी निवडलेल्या पर्यवेक्षकांचं मंडळ पाहतं. सांता क्लारामध्ये हे पर्यवेक्षक पाच आहेत. सार्वजनिक रुग्णालयं, अन्नसाहाय्याचे अर्ज, बेघरांसाठीच्या सोयी ही कामं काउंटीकडे असतात.

या काउंटीत पंधरा शहरं आहेत. सॅन होजे हे सर्वांत मोठं. पालो आल्टो, माउंटन व्ह्यू, सनीव्हेल, क्युपर्टिनो ही नावं तर पुण्या-मुंबईतल्या कितीतरी घरांत रोज घेतली जातात, कारण कोणाचा मुलगा, कोणाची भाची तिथे नोकरीला असते. २०२० च्या जनगणनेत काउंटीची लोकसंख्या १९ लाख ३६ हजार होती. सिलिकॉन व्हॅली म्हणतात ती मुख्यतः हीच.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हे खोरं जर्दाळू आणि आलुबुखारच्या बागांसाठी, फळं डबाबंद करणाऱ्या कारखान्यांसाठी ओळखलं जाई. १९३९ मध्ये पालो आल्टोत ह्यूलेट-पॅकार्ड, १९५७ मध्ये फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर, १९६८ मध्ये इंटेल अशा कंपन्या उभ्या राहिल्या आणि बागांच्या जागी कारखाने आले. सुरुवातीला चिप इथेच बनत. जुळणीच्या कामावर मेक्सिको, फिलिपिन्स, व्हिएतनाममधून आलेल्या बायका मोठ्या संख्येने असत. पगार बेताचा होता, पण फारसं शिक्षण नसलेल्या माणसाला कारखान्यात शिरायला जागा होती. पुढे हे उत्पादन बरंचसं आशियात गेलं. इथे वरच्या टोकाला अभियंते राहिले आणि खालच्या टोकाला त्यांच्या शहराची सेवा करणारी माणसं. मधली पायरी झिजली.

२. ‘काम आहे’ याचा अर्थ काय?

पहिला समज असा असतो, की गरीब म्हणजे बेकार. तो तपासायचा तर बेरोजगारी कशी मोजतात ते पाहायला हवं.

अमेरिकेत दर महिन्याला सुमारे साठ हजार घरांना ठरावीक प्रश्न विचारले जातात. ठरलेल्या आठवड्यात पैसे घेऊन एक तास जरी काम केलं असेल, तरी तो माणूस ‘रोजगारात’ धरला जातो. ‘बेरोजगार’ ठरायला तीन अटी आहेत. त्या आठवड्यात काम नसलं पाहिजे, काम मिळालं तर करायची तयारी पाहिजे आणि गेल्या चार आठवड्यांत कामाचा शोध घेतलेला असला पाहिजे. शोधून थकलेला आणि शोध थांबवलेला माणूस या गणतीतून बाहेर पडतो.

म्हणून आठवड्याला बारा तास काम मिळणारी वेट्रेस आणि पूर्णवेळ नोकरी करणारा अभियंता हे दोघेही ‘रोजगारात’ याच रकान्यात येतात. २०२२ च्या अखेरीस सांता क्लारात बेरोजगारी तीन टक्क्यांच्याही खाली होती. काम जवळजवळ सगळ्यांना होतं, असा त्याचा अर्थ. त्या कामात घर चालत होतं का, हे तो आकडा सांगत नाही.

आणि दोन टोकांची कामं एकमेकांना बांधलेली असतात. बर्कलीचे अर्थतज्ज्ञ एन्रिको मोरेटी यांच्या अंदाजानुसार उच्च तंत्रज्ञानातली एक नोकरी त्या शहरात इतर क्षेत्रांतल्या पाच नोकऱ्या निर्माण करते. त्यांतल्या दोन डॉक्टर, वकील अशा व्यावसायिकांच्या आणि तीन वेटर, न्हावी, दुकानातले विक्रेते अशा. कंपन्यांच्या आवारातले सफाई कामगार, सुरक्षारक्षक, उपाहारगृहातले स्वयंपाकी बहुतेक वेळा कंत्राटदाराचे नोकर असतात. इमारत तीच असली तरी पगारपत्रक आणि विमा मात्र वेगळा.

वरच्या टोकालाही सगळं निर्धास्त नसतं. एच-१बी व्हिसावर असलेल्या माणसाची नोकरी गेली, तर साधारण साठ दिवसांत दुसरी नोकरी शोधावी लागते किंवा देशात राहण्याची दुसरी कायदेशीर सोय करावी लागते. अशा माणसाच्या जोडीदाराला काम करण्याची परवानगी २०१५ पासून मिळू लागली, तीही ठरावीक टप्प्यापर्यंत ग्रीन कार्डची प्रक्रिया पोचलेल्यांनाच. अनेक मराठी घरांत त्यामुळे दोघंही उच्चशिक्षित असून वर्षानुवर्षं एकाच्याच पगारावर संसार चालला. २०२२-२३ च्या नोकरकपातीत अशा घरांची झोप उडाली. ही घरं गरीब नाहीत, पण ‘किती मिळतं’ याइतकंच ‘ते किती भरवशाचं’ हेही महत्त्वाचं असतं, एवढं त्यांच्याकडे पाहून कळतं.

३. सरासरी की मध्यक?

आता उत्पन्न. समजा, एका गल्लीत पाच घरं आहेत. त्यांचं वर्षाचं उत्पन्न अनुक्रमे ४० हजार, ६० हजार, दीड लाख, अडीच लाख आणि वीस लाख डॉलर. एकूण झाले पंचवीस लाख. पाचाने भागलं की सरासरी पाच लाख येते. पण पाचांपैकी चार घरांनी पाच लाख कधी पाहिलेलेच नाहीत.

म्हणून घरं उत्पन्नाच्या चढत्या क्रमाने उभी करतात आणि बरोबर मधलं निवडतात. आपल्या उदाहरणात ते दीड लाखाचं. याला मध्यक म्हणतात. अर्धी घरं त्याच्या खाली, अर्धी वर.

सांता क्लारातल्या घरांचं मध्यक उत्पन्न दीड लाख डॉलरच्या पुढे आहे, देशाच्या मध्यकाच्या जवळपास दुप्पट. गृहयोजनांची यादी याच मध्यकाच्या आधारे बनते. त्या भागातल्या मध्यक कुटुंबाच्या साधारण ८० टक्क्यांपर्यंत मिळवणारे ‘अल्प उत्पन्न’, ५० टक्क्यांपर्यंतचे ‘अत्यल्प’ आणि ३० टक्क्यांपर्यंतचे त्याहून खालचे. भागागणिक हिशेबात थोडे फेरफार होतात. मधलं घरच इतकं उंचावर असलं की ‘अल्प’ची रेषाही उंच जाते. सुरुवातीच्या पहिल्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथे मिळालं. ती यादी उपाशी कोण हे सांगत नाही. त्या भागातल्या घरांच्या बाजारात कोण मागे पडतं, हे ती सांगते.

४. दारिद्र्यरेषा आली कुठून?

उपाशी कोण, हे सांगण्यासाठी दुसरी रेषा आहे. ती आखली मॉली ओर्शान्स्की यांनी. अमेरिकेच्या सामाजिक सुरक्षा प्रशासनात त्या संशोधक होत्या. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी साधा रस्ता घेतला. १९५५ च्या पाहणीत दिसलं होतं, की कुटुंबं करानंतरच्या मिळकतीचा सुमारे एक तृतीयांश भाग अन्नावर खर्च करतात. म्हणून अगदी काटकसरीच्या आहाराचा खर्च काढायचा आणि त्याला तीनने गुणायचं. १९६९ मध्ये ही पद्धत सरकारी झाली. पुढे महागाईप्रमाणे आकडा वाढत गेला, मूळ सूत्र तेच राहिलं.

पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतले वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारतातल्या दारिद्र्याचा जो गाजलेला अभ्यास प्रसिद्ध केला, त्याचाही पाया अन्नच होता. माणशी दिवसाला २,२५० उष्मांक देणारा आहार परवडण्याइतका खर्च, ही त्यांची रेषा. दोन्ही देशांत गरिबीचा पहिला अर्थ भूक हाच घेतला गेला आणि त्या काळी ते योग्यही होतं.

पण संसार बदलला. आज अमेरिकी घराच्या खर्चात अन्नाचा वाटा सुमारे तेरा टक्के आहे आणि निवाऱ्याचा सुमारे एक तृतीयांश. रेषा मात्र अजून अन्नाच्या तिपटीवर उभी आहे. शिवाय अलास्का आणि हवाई सोडले तर सरकारी योजनांची ही रेषा सगळ्या देशात एकच. २०२३ मध्ये चौघांच्या कुटुंबासाठी ती ३०,००० डॉलर होती, मिसिसिपीच्या खेड्यातही आणि सॅन होजेतही.

घरातल्या पाण्याच्या टाकीकडे पाहा. टाकीत पाणी किती राहील, हे नळाच्या धारेवर ठरतं तसं तळाच्या तोटीवरही ठरतं. अधिकृत दारिद्र्यरेषा फक्त नळ पाहते. सांता क्लारात नळ जोरात वाहतो, पण भाड्याची तोटी त्याहून मोठी उघडी आहे.

ही उणीव भरून काढण्यासाठी २०११ पासून एक पूरक माप प्रसिद्ध होतं. त्यात स्थानिक घरखर्च, कर आणि अन्नसाहाय्यासारखी मदतही मोजतात. या मापाने कॅलिफोर्निया वर्षानुवर्षं देशातल्या सर्वाधिक गरिबीच्या राज्यांत येतो. अधिकृत मापाने तो यादीत बराच खाली दिसतो.

५. एका छताखाली किती संसार?

मोजणीतली आणखी एक गोष्ट क्वचितच सांगितली जाते. भारताच्या जनगणनेत एका चुलीवर जेवणारे ते एक कुटुंब धरतात. अमेरिकेत एका घरात राहणारे सगळे मिळून एक ‘घर’. भाडं परवडत नाही म्हणून दोन कुटुंबं एका घरात आली, तर त्यांच्या मिळकती एकत्र मोजल्या जातात आणि घराचं उत्पन्न चांगलं दिसू लागतं.

गरिबी मोजताना नात्यातली माणसं एकत्र धरतात. एक उदाहरण घेऊ. दोन भाऊ, प्रत्येकाचं चौघांचं कुटुंब, प्रत्येकाची मिळकत २८,००० डॉलर. वेगळे राहिले तर दोन्ही घरं ३०,००० च्या रेषेखाली, म्हणजे आठही माणसं गरीब. आता ते एकाच घरात राहायला आले. एकत्र मिळकत ५६,००० डॉलर. आठ जणांसाठी २०२३ ची रेषा ५०,५६० होती. त्यामुळे आता एकही माणूस गरीब नाही. कोणाच्याही पगारात एक डॉलर वाढलेला नाही. वाढली ती फक्त दाटी. दिवाणखान्यात गादी टाकून झोपणारी आणि न्हाणीघरासाठी पहाटे रांग लावणारी मुलं या आकडेवारीत गरिबीतून बाहेर पडलेली असतात.

रस्त्यावर, गाडीत किंवा बेघरांच्या निवाऱ्यात झोपणारा माणूस तर ‘घर’ या मोजणीत बसतच नाही. त्याच्यासाठी एक वेगळी गणना होते. २०२२ मध्ये सांता क्लारात ती १०,०२८ भरली. पालो आल्टो ते पूर्व सॅन होजे धावणाऱ्या २२ क्रमांकाच्या बसला तर लोक ‘हॉटेल २२’ म्हणू लागले होते. ती बस रात्रभर चालू असे आणि डोक्यावर छप्पर नसलेली माणसं तिच्यात बसल्या बसल्या रात्र काढत.

६. एका कुटुंबाचा हिशेब

आता कागद-पेन्सिल घेऊ. आई-वडील आणि दोन लहान मुलं. वडील सॅन होजेतल्या उपाहारगृहात किमान वेतनावर पूर्णवेळ काम करतात. २०२३ मध्ये सॅन होजेचं किमान वेतन तासाला १७ डॉलर होतं. देशाचं किमान वेतन २००९ पासून सव्वासात डॉलरवर थांबलेलं आहे. म्हणजे सॅन होजेने बरंच जास्त दिलं.

आठवड्याला ४० तास, वर्षाचे ५२ आठवडे, एकही खाडा नाही. १७ × ४० × ५२ = ३५,३६० डॉलर. रेषा ३०,००० ची. हे कुटुंब अधिकृतपणे गरीब नाही.

दोन बेडरूमच्या साध्या घराचं भाडं महिना २,८०० डॉलर धरू. वर्षाचे झाले ३३,६००. उरले १,७६०. महिन्याला दीडशेसुद्धा नाहीत. एवढ्यात चौघांचं जेवण, बस, औषधं, फोन. कर तर अजून धरलेलाच नाही.

म्हणून आईही तेवढ्याच वेतनावर कामाला लागते. मिळकत ७०,७२० झाली. भाडं वजा जाता ३७,१२० उरले. पण आता मुलं पाळणाघरात ठेवावी लागतात. तिथला खर्च महिना १,५०० धरला तर वर्षाचे १८,००० गेले आणि हातात राहिले १९,१२०. दारिद्र्यरेषेच्या दुपटीहून जास्त मिळवणारं हे घर महिन्याला सोळाशे डॉलरपेक्षा कमी पैशांत कर भरून बाकीचं सगळं भागवतं.

घराचा खर्च मिळकतीच्या तीस टक्क्यांवर गेला, की अमेरिकेत ते घर ‘खर्चाच्या ओझ्याखाली’ आहे असं धरतात. आपल्या कुटुंबाचं भाडंच सत्तेचाळीस टक्क्यांवर आहे. ते तीस टक्क्यांत बसवायचं तर मिळकत १,१२,००० डॉलर हवी, म्हणजे किमान वेतनाच्या तीन पूर्णवेळ नोकऱ्यांहून थोडी जास्त. घरात कमावती माणसं दोनच आहेत. अन्नपेढीच्या रांगेत नोकरी करणारी माणसं का दिसतात, याचं उत्तर या वजाबाकीत आहे. भाडं थकलं तर घर जातं, म्हणून भाडं आधी जातं. जेवणात मात्र काटछाट करता येते.

७. पगार वाढला की मदत जाते

रेषा चुकीच्या जागी असली, तर त्याचे परिणाम कागदापुरते राहत नाहीत. कॅलिफोर्नियात अन्नसाहाय्याची पात्रता साधारण रेषेच्या दुपटीपर्यंत असते. प्रौढांना मोफत आरोग्यसेवा रेषेच्या १३८ टक्क्यांपर्यंत. एकटे वडील कमावत होते तेव्हा कुटुंबाला दोन्हींसाठी अर्ज करता येत होता. आई कामाला लागल्यावर अन्नसाहाय्य गेलं आणि आई-वडिलांना विम्याचा हप्ता भरण्याची वेळ आली.

याच कुटुंबाला गृहयोजनेची यादी ‘अत्यल्प उत्पन्न’ म्हणते, कारण २०२३ मध्ये ती पायरी ८९,२०० डॉलरची होती. अन्नाच्या खिडकीवर मात्र त्यांची मिळकत जास्त ठरते. अनुदानित घर मिळण्यासाठी वर्षानुवर्षं यादीत थांबावं लागतं, म्हणजे ज्या खिडकीवर ते पात्र आहेत तिथून हातात लवकर काही पडत नाही. जास्त तास मिळत असताना एखादी बाई नको म्हणते, तेव्हा तिला आळशी म्हणण्याआधी हा हिशेब करून पाहावा.

८. घरं का पुरली नाहीत?

नोकऱ्या वाढल्या तशी घरं वाढली नाहीत. सॅन होजेतल्या निवासी जमिनीपैकी सुमारे ९४ टक्के जमीन दीर्घकाळ फक्त स्वतंत्र बंगल्यांसाठी राखीव होती. एका भूखंडावर एकच कुटुंब, चार मजली इमारत बांधायला मनाई. २०२१ च्या कायद्याने राज्यात अशा बहुतेक भूखंडांवर दोन घरांना वाट मोकळी केली, पण इमारती कायद्याइतक्या वेगाने उभ्या राहत नाहीत.

दुसरं कारण १९७८ च्या तेराव्या प्रस्तावाचं. मतदारांनी मंजूर केलेल्या या प्रस्तावाने मालमत्ता कर खरेदीच्या किमतीच्या एक टक्क्याच्या आसपास बांधला आणि कर आकारणीसाठीचं मूल्य वर्षाला दोन टक्क्यांहून जास्त वाढणार नाही, असं ठरवलं. जुन्या मालकाला हे मोठं संरक्षण आहे. पण जागा सोडली की बहुतेक वेळा ते जातं, म्हणून मोठी घरं बाजारात फारशी येत नाहीत. शहरांनाही घरांपेक्षा विक्रीकर देणारी दुकानं फायद्याची वाटतात. ज्याने आधी घर घेतलं तो तरला आणि उशिरा आलेल्याने भाडं भरलं.

९. काय केल्याने फरक पडला?

सॅन होजेतला किमान वेतनाचा वाढीव दर सरकारने आपणहून दिला नाही. सॅन होजे स्टेट विद्यापीठातल्या समाजशास्त्राच्या वर्गात काही विद्यार्थ्यांनी, ज्यांतले अनेक स्वतः किमान वेतनावर राबत होते, ती कल्पना मांडली. नोव्हेंबर २०१२ मध्ये ती मतदानाला आली आणि मंजूर झाली. तासाचा दर ८ वरून १० डॉलर झाला. पूर्णवेळ कामगाराच्या हातात त्याने वर्षाला ४,१६० डॉलर जास्त आले आणि पुढची वाढ महागाईशी जोडली गेली.

नोव्हेंबर २०१६ मध्ये काउंटीच्या मतदारांनी परवडणाऱ्या घरांसाठी ९५ कोटी डॉलरचं कर्ज उभारायला संमती दिली. त्याची परतफेड ते स्वतःच्या मालमत्ता करातून करणार होते. २०२० मध्ये काउंटीने सरकारी संगोपन (फॉस्टर केअर) व्यवस्थेतून बाहेर पडणाऱ्या काही तरुणांना कुठलीही अट न घालता महिना १,००० डॉलर द्यायला सुरुवात केली.

सर्वांत ठळक धडा देशपातळीवरचा. २०२१ मध्ये मुलांसाठीची करसवलत वाढवली आणि तिचे पैसे महिन्याच्या महिन्याला थेट घरात दिले. त्या वर्षी पूरक मापाने बालदारिद्र्य ५.२ टक्क्यांपर्यंत उतरलं. वाढीव सवलत एका वर्षातच बंद झाली आणि २०२२ मध्ये तोच आकडा १२.४ टक्क्यांवर गेला. पालक तेच होते, कामंही साधारण तीच. बदलला होता तो मुख्यतः कायदा.

म्हणून कोणत्याही शहराच्या समृद्धीचा आकडा वाचताना तीन प्रश्न विचारावेत. हा आकडा सरासरी आहे की मध्यक? एका छताखाली किती संसार मोजले आहेत? आणि भाडं दिल्यावर त्या घरात किती उरतं? सांता क्लारात पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं निदान उपलब्ध आहेत. तिसरा प्रश्न मात्र अजून पूरक मापापुरताच राहिला आहे. मदत कोणाला द्यायची हे ज्या रेषेवर ठरतं, तिला तो अजून विचारलेला नाही. दिवसभर काम करूनही मुलांच्या ताटात घास कमी पडतो, अशा घराला ‘गरीब नाही’ म्हणणारं माप बदलायला हवं आणि ते बदलणं पूर्णपणे माणसांच्या हातात आहे.